आर्थिक विवंचना : अल्पवेतनी कामगारांवरील मानसिक परिणाम

अपुऱ्या व अनिश्चित मिळकतीमुळे दैनंदिन गरजा भागविण्याविषयी मनात सतत वसणाऱ्या काळजीस आर्थिक विवंचना असे म्हणतात. अल्पवेतनी कामगारांत ती विशेष तीव्र असते. कारण त्यांची बहुतेक सर्व मिळकत अन्न, निवारा, औषधपाणी आणि कर्जफेड यांतच संपते व आजारपण, काम बंद पडणे किंवा घरातील मृत्यू यांसारख्या प्रसंगांसाठी शिल्लक उरत नाही. रोजंदारीवरील मजूर, कंत्राटी व बदली कामगार, नगावर मजुरी मिळणारे बिडी कामगार, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, शेतमजूर आणि ऊसतोडणी कामगार यांचा या वर्गात समावेश होतो.

विवंचना ही दारिद्र्य व बेकारी यांच्याशी निगडित असली, तरी त्यांहून वेगळी आहे. दारिद्र्याचे मोजमाप उत्पन्नाच्या वा उपभोगाच्या आकड्यांनी करता येते. विवंचना हा मानसिक अनुभव आहे. बेकाराला काम नसते. अल्पवेतनी कामगाराला काम असते, पण त्या कामाने उद्याची हमी मिळत नाही. दोन कामगारांची वर्षाची मिळकत सारखीच असली, तरी ज्याला ठरलेल्या तारखेस ठरलेली रक्कम मिळते त्याची मनःस्थिती आणि ज्याला काम केव्हा व मजुरी केव्हा मिळेल हे ठाऊक नसते त्याची मनःस्थिती यांत मोठा फरक पडतो. म्हणून या विषयाच्या अभ्यासात मिळकतीच्या परिमाणाइतकेच तिच्या नियमिततेला व कर्जाच्या ओझ्याला महत्त्व दिले जाते.

ऐतिहासिक आढावा : एकोणिसाव्या शतकात कामगारांच्या हलाखीचे खापर सामान्यतः त्यांच्याच स्वभावावर फोडले जाई. कामगार उधळे, व्यसनी व आळशी असतात म्हणून ते कर्जबाजारी होतात, असे मत सुशिक्षित वर्गात रूढ होते. फ्रीड्रिख एंगेल्स (१८२०–९५) याने इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील आपल्या ग्रंथात (१८४५) मद्यपानाचा संबंध कामगारांच्या राहणीमानाशी व उद्याच्या अनिश्चिततेशी जोडून या मतास आव्हान दिले. सीबोम राउंट्री (१८७१–१९५४) याने यॉर्क शहरात केलेल्या पाहणीचा वृत्तांत १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. काटकसरीने राहूनही ज्या कुटुंबांना शरीरपोषणापुरते उत्पन्न मिळत नव्हते, त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या दारिद्र्याचे प्रत्यक्ष कारण नियमित कामासाठी मिळणारे तुटपुंजे वेतन हे होते, असे त्यात आढळले. दारिद्र्य हे कामगाराच्या आयुष्यात बालपणी, मुले लहान असताना आणि वृद्धापकाळी असे लाटांप्रमाणे येते, हेही त्याने दाखवून दिले.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी वेतनाच्या अनिश्चिततेचा प्रश्न फार लवकर मांडला. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांच्या नेतृत्वाखाली १८८४ मध्ये तयार झालेल्या व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या असलेल्या निवेदनात आठवड्याची सुटी, मधली विश्रांती, कामाच्या तासांवर मर्यादा आणि अपघाताची भरपाई यांबरोबरच मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावे, अशी मागणी होती. वेतन वाढवून मागण्याऐवजी कमावलेले वेतन वेळेवर मागण्याची ही मागणी लक्षणीय आहे. वेतन हाती येईपर्यंतचे आठवडे वाण्याच्या उधारीवर व सावकाराच्या कर्जावर काढावे लागत आणि पगाराच्या दिवशी त्यातील मोठा भाग परस्पर त्यांच्याकडे जाई. पठाणी व्याज हा शब्दप्रयोग मराठीत याच काळातील सावकारीची आठवण म्हणून राहिला आहे.

जे. एच्. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये आपला अहवाल सादर केला. ना. म. जोशी (१८७९–१९५५) हे या आयोगाचे एक सदस्य होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत कर्जबाजारी कुटुंबांचे वा व्यक्तींचे प्रमाण दोन-तृतीयांशांहून कमी नाही आणि बहुसंख्य प्रकरणांत कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक आहे, असा आयोगाचा अंदाज होता. अनेक कामगार कर्जातच जन्मास येतात आणि कायद्याचे बंधन नसतानाही मुलगा बापाचे कर्ज धार्मिक व सामाजिक कर्तव्य म्हणून पत्करतो, याची आयोगाने कौतुक व खेद अशा संमिश्र भावनेने नोंद केली. पुढे १९३६ च्या वेतनप्रदान अधिनियमाने एक हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांत वेतनकाल संपल्यापासून सात दिवसांत व इतर कारखान्यांत दहा दिवसांत वेतन देणे बंधनकारक केले.

मनोवैज्ञानिक दृष्टीने या विषयाचा पहिला मोठा अभ्यास ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळील मारीएन्टाल या गावी झाला. तेथील कापड गिरणी बंद पडल्याने जवळजवळ सारे गाव बेकार झाले होते. मारी याहोडा (१९०७–२००१), पाउल लाझार्सफेल्ड (१९०१–७६) व हान्स त्सायझेल (१९०५–९२) यांनी केलेल्या या पाहणीचा वृत्तांत १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाती भरपूर वेळ असूनही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली, पुरुष रस्त्याने अधिक संथ चालू लागले आणि दिवसभरात काय केले हे त्यांना सांगता येईना. विपन्नतेने लोक बंड करून उठतील, या अपेक्षेविरुद्ध बहुसंख्य कुटुंबांत खिन्न स्वीकाराची वृत्ती आढळली. वेतनाखेरीज काम माणसाला दिवसाची आखणी, इतरांचा सहवास, सामूहिक उद्दिष्ट व समाजात स्थान देते, हा विचार याहोडा यांनी पुढे या अभ्यासाच्या आधारे विकसित केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सामाजिक वर्ग व मनोविकार यांच्या संबंधांचा पद्धतशीर शोध सुरू झाला. अमेरिकेतील न्यू हेवन येथील हॉलिंग्जहेड व रेड्लिक यांचा अभ्यास (१९५८) आणि लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांमधील अवसादाविषयीचा ब्राउन व हॅरिस यांचा अभ्यास (१९७८) हे त्यांतील प्रमुख होत. इंग्लंडमधील शासकीय सेवकांच्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीत (१९६७ पासून) सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे मृत्युमान वरच्या श्रेणीतील पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळले आणि धूम्रपानासारख्या कारणांनी हा फरक पूर्णपणे उलगडेना. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये कामाचा भार अधिक व कामावरील नियंत्रण कमी अशा परिस्थितीत मानसिक ताण सर्वाधिक असतो, असे प्रतिपादन केले. अल्पवेतनी कामगारांच्या वाट्यास बहुधा अशीच कामे येतात. एकविसाव्या शतकात अर्थशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांनी प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात प्रयोग करून विवंचनेचे परिणाम मोजण्यास सुरुवात केली. त्यांतील काही महत्त्वाचे प्रयोग भारतात झाले.

विवंचनेचे घटक : अल्पवेतनी कामगाराच्या विवंचनेत मुख्यतः तीन घटक आढळतात. पहिला म्हणजे मिळकतीचा अपुरेपणा. त्यामुळे प्रत्येक खर्च हा दुसऱ्या खर्चाचा त्याग ठरतो. मुलाची वही घ्यावी की औषधाची बाटली, असे निर्णय दररोज घ्यावे लागतात. दुसरा घटक अनियमितपणा हा होय. शहरांतील मजूर अड्ड्यांवर सकाळी उभ्या राहणाऱ्या मजुराला त्या दिवशी काम मिळेल की नाही, हे उन्हे वर येईपर्यंत कळत नाही. गिरण्यांतील बदली कामगारही असाच दररोज दारावर हजेरी लावून कोणी गैरहजर आहे काय याची वाट पाहत असे. तिसरा घटक कर्ज हा आहे. कर्जामुळे भविष्यातील श्रम आधीच विकले जातात आणि कामगाराला काम सोडण्याचे वा मजुरीविषयी बोलण्याचे स्वातंत्र्य उरत नाही.

हे तिन्ही घटक महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगारांच्या जीवनात एकत्र दिसतात. बीड व आसपासच्या दुष्काळप्रवण जिल्ह्यांतून दरवर्षी शरद ऋतूच्या अखेरीस लाखो कामगार साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. पतिपत्नींची जोडी हा कामाचा एकक असून तिला कोयता म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि हंगामभराच्या तोडणीतून ती फेडावयाची असते. कामाचा दिवस चुकल्यास खाडा धरला जातो व त्याची रक्कम कापली जाते. उचल न फिटल्यास बाकी पुढील हंगामावर जाते. या व्यवस्थेत आजारपण हे आर्थिक संकट ठरते. ऊसतोडणी करणाऱ्या अनेक स्त्रियांनी तरुण वयात गर्भाशय काढून घेतल्याची बाब उजेडात आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने तिच्या चौकशीसाठी समिती नेमली. मासिक पाळीच्या वा दुखण्याच्या दिवसांत बुडणाऱ्या मजुरीची धास्ती हे या शस्त्रक्रियांमागील एक कारण म्हणून त्यावेळी पुढे आले. शरीराविषयीचा एवढा मोठा निर्णयही विवंचनेच्या छायेत घेतला जातो, हे त्यावरून स्पष्ट होते.

अवधान व निर्णयशक्तीवरील परिणाम : मनाची अवधानक्षमता मर्यादित असते. तिचा काही भाग पैशाच्या काळजीत सतत गुंतून राहिल्यास इतर कामांसाठी ती कमी पडते, असा सिद्धांत सेंधिल मुलैनाथन व एल्डार शाफिर यांनी मांडला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या संशोधनात तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची सुगीपूर्वी व सुगीनंतर कसोट्यांद्वारे तपासणी करण्यात आली. सुगीपूर्वी, म्हणजे हात ओढग्रस्तीचा असताना, त्याच व्यक्तींनी आकृतिबंध ओळखण्याच्या व अवधान-नियंत्रणाच्या कसोट्यांत कमी यश मिळविले. माणसे तीच असल्याने हा फरक त्यांच्या बुद्धीचा नसून परिस्थितीचा आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला. तथापि अमेरिकेत पगारापूर्वी व पगारानंतर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा फरक आढळला नाही. पगाराची तारीख निश्चित असणे आणि वर्षातून एकदा येणाऱ्या पिकाची वाट पाहणे या दोन परिस्थितींतील ताण सारखा नसावा, हे या विसंगतीचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. परंतु वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही.

प्रत्यक्ष कामगारांच्या दृष्टीने ओडिशातील प्रयोग अधिक बोलका आहे. सुप्रीत कौर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या या अभ्यासात पानांच्या पत्रावळी नगावर मजुरीने तयार करणाऱ्या ४०८ कामगारांचा समावेश होता. काम मंदीच्या दिवसांतले होते आणि बहुतेकांवर लहानमोठी कर्जे होती. सर्वांना मजुरीचा दर सारखाच होता. फरक एवढाच, की काहींना कमावलेल्या मजुरीचा एक भाग मुदतीच्या आधी, तर इतरांना सर्व रक्कम अखेरीस देण्यात आली. ज्यांच्या हाती रक्कम लवकर आली, त्यांनी प्रथम देणी भागविली आणि त्यानंतर त्यांचे उत्पादन सरासरीने सुमारे सहा टक्क्यांनी वाढले. अधिक गरीब कामगारांत ही वाढ अधिक होती. पत्रावळी करताना होणाऱ्या चुकाही कमी झाल्या. एकूण मजुरी न वाढविता केवळ तिची वेळ बदलल्याने हा परिणाम झाला. त्यामुळे कामातील ढिलाई वा चुका यांचे मूळ नेहमी कामगाराच्या निष्काळजीपणातच असते, या समजुतीस धक्का बसतो. यंत्रावर वा उंच परांचीवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत अवधानातील अशी तूट जिवावरही बेतू शकते.

विवंचनेमुळे दूरच्या हितापेक्षा जवळच्या गरजेला प्राधान्य मिळते. महागड्या व्याजाने कर्ज घेणे, दागिना गहाण टाकणे, मुलाला शाळेतून काढून कामास लावणे, हे निर्णय बाहेरून अविचारी भासतात. परंतु ज्याला आजची रात्र काढावयाची आहे, त्याच्या दृष्टीने ते सुसंगत असतात. शिवाय अल्पवेतनी कुटुंबे बेहिशेबी असतात हेही खरे नाही. भिशी, उधारीची वही, नातेवाइकांकडील हातउसने आणि धान्याची देवघेव यांचा बारीक हिशेब त्यांना, विशेषतः घरातील स्त्रियांना, सतत ठेवावा लागतो. हा हिशेबच मनाला थकविणारा असतो.

भावनिक परिणाम : विवंचनाग्रस्तांमध्ये चिंता व अवसाद हे विकार अधिक प्रमाणात आढळतात. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत व खासगी दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचा विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पैशाअभावी अन्न विकत घेता न येणे आणि कर्ज असणे या दोन गोष्टींचा सामान्य मनोविकारांशी संबंध असल्याचे त्यात दिसून आले. असे रुग्ण सहसा मनाची तक्रार घेऊन येत नाहीत. अंग दुखते, डोके जड होते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, अशा शारीरिक तक्रारी ते सांगतात. त्यावर वेदनाशामक गोळ्या किंवा शक्तीची इंजेक्शने दिली जातात, मूळ विकार तसाच राहतो आणि औषधांचा खर्च कर्जात भर घालतो.

प्रयत्न करूनही परिस्थिती बदलत नाही, असा अनुभव वारंवार आल्यास माणूस प्रयत्न सोडून देतो. मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर यांनी १९६७ मधील प्राण्यांवरील प्रयोगांतून या अवस्थेस अर्जित असहायता असे नाव दिले. याच दोघांनी २०१६ मध्ये मेंदूविषयक नव्या पुराव्याच्या आधारे आपल्या उपपत्तीत दुरुस्ती केली. दीर्घ संकटात निष्क्रिय होणे ही मूळ प्रतिक्रिया असून परिस्थितीवर आपला ताबा चालतो, ही गोष्ट प्राणी अनुभवाने शिकतो, असे त्यांचे नवे म्हणणे होते. कामगारांच्या संदर्भात या दुरुस्तीचा अर्थ असा घेता येईल, की नियंत्रणाचे लहानसहान अनुभव माणसास मिळतील अशी व्यवस्था करणे हे धीराच्या उपदेशापेक्षा अधिक उपयुक्त असते.

लज्जा हा विवंचनेचा फारसा न बोलला जाणारा परिणाम आहे. ॲडम स्मिथ (१७२३–९०) याने १७७६ मधील आपल्या ग्रंथात असे म्हटले होते, की चारचौघांत लाज न वाटता वावरण्यास जे आवश्यक, ते त्या समाजात गरजेचेच मानले पाहिजे. अमर्त्य सेन यांनी दारिद्र्याच्या चर्चेत हा मुद्दा पुन्हा पुढे आणला. लग्नकार्यात आहेर करता न येणे, वाण्याचे दुकान टाळून लांबच्या रस्त्याने जाणे, देणेकऱ्याच्या हाकेला मुलाकडून ‘घरी नाहीत’ असे सांगविणे, अशा प्रसंगांतून माणूस हळूहळू लोकांत मिसळणे टाळतो. अडचणीत ज्यांचा आधार मिळावयाचा, त्या शेजारी व नातलगांपासूनच तो दुरावतो. जातीमुळे आधीच अवमानित झालेल्या कामगारांत आणि परप्रांतीय स्थलांतरितांत हा दुरावा अधिक तीव्र असतो.

मुंबईतील कापड गिरणी कामगारांचा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप या दृष्टीने उल्लेखनीय आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सामील होते. संपानंतर हजारो कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. नियमित पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि ‘गिरणीवाला’ म्हणून गावाकडे असलेला मान या गोष्टी एकाच वेळी गेल्या. अनेकजण गावी परतले. काहींनी रखवालदारी, फेरीचा धंदा, हमाली अशी कामे पत्करली. गिरणगावात स्त्रियांनी खाणावळी व घरगुती कामे यांवर संसार सावरले. हे नुकसान पैशांत मोजता येण्यासारखे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांची कामगार म्हणून असलेली ओळख त्यात हरवली.

शरीर, निद्रा व व्यसन : दीर्घकालीन ताणामुळे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके रक्तात वारंवार वाढतात. ब्रूस मॅक्यूअन (१९३८–२०२०) यांनी सहकाऱ्यासह १९९३ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार या ताणाचा भार शरीरात साचत जाऊन रक्तदाब, हृदयविकार व मधुमेह यांचा धोका वाढतो. अपुरी झोप ही दुसरी मोठी समस्या होय. चेन्नईतील अल्प उत्पन्न गटातील प्रौढांवरील व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे आठ तास अंथरुणावर काढूनही त्यांना प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपासच मिळते, असे आढळले. उकाडा, डास, गोंगाट व दाटीची जागा यांमुळे झोप वारंवार मोडते. कामाच्या जागी दुपारी थोडा वेळ झोपू दिल्याने मात्र त्यांचे काम व मनःस्थिती सुधारली.

मद्यपानाचा प्रश्नही याच संदर्भात पाहावा लागतो. अंगमेहनतीचे काम करणारे अनेक पुरुष थकवा व अंगदुखी कमी होऊन झोप लागावी म्हणून मद्य घेतात. चेन्नईतील सायकलरिक्षा चालकांवरील २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसा मद्यापासून दूर राहिल्याबद्दल लहानसे पारितोषिक दिल्यावर त्यांची बचत लक्षणीय वाढली. म्हणजे मद्य हे विवंचनेचे फळ असते, तसेच ते विवंचना वाढविणारे कारणही बनते. त्याचा सर्वांत मोठा फटका स्त्रिया व मुले यांना बसतो. घरातील पैसा संपतो आणि मारहाण व भीती यांनी घराचे स्वास्थ्य जाते.

आत्महत्या : राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार भारतात २०२१ मध्ये १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली; त्यांपैकी ४२,००४ व्यक्ती, म्हणजे सुमारे २५·६ टक्के, रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. त्यात मृत व्यक्तीचा व्यवसाय नोंदलेला असतो. त्या व्यवसायामुळेच मृत्यू झाला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आत्महत्येमागे अनेक कारणे एकत्र आलेली असतात आणि योग्य वेळी मदत मिळाल्यास तीतून बहुतेकांना वाचविता येते. तरीही २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत एका दिवसात रोजगार गमावलेल्या मजुरांचे जे हाल झाले, त्यांनी या वर्गाजवळ संकटकाळासाठी किती थोडा आधार असतो हे सर्वांसमोर आणले.

कार्यकारणभावाचा वाद : विपन्नतेमुळे मनोविकार होतात की मनोविकारांमुळे माणूस विपन्न होतो, हा जुना वाद आहे. पहिल्या मतास सामाजिक कारणवाद व दुसऱ्यास सामाजिक निवडवाद म्हणतात. अवसादग्रस्त कामगाराचे खाडे वाढतात व काम सुटते, हे खरे असल्याने दुसऱ्या मतातही तथ्य आहे. पहिल्या मतास नैसर्गिक प्रयोगांतून आधार मिळाला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात चेरोकी लोकांच्या क्षेत्रात जुगारगृह सुरू होऊन त्याच्या नफ्याचा वाटा या जमातीच्या लोकांना मिळू लागला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दारिद्र्यातून बाहेर आलेल्या कुटुंबांतील मुलांचे वर्तनदोष कमी झाले. चिंता व अवसाद यांच्या लक्षणांत मात्र तसा फरक दिसला नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख साहाय्य मिळू लागल्यावर आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे २०१९ मधील एका अभ्यासात दिसून आले. अमेरिकेत किमान वेतनात १० टक्के वाढ झाल्यास अल्पशिक्षित प्रौढांतील अमली द्रव्यांशी संबंध नसलेल्या आत्महत्या सुमारे २·७ टक्क्यांनी कमी होतात, असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदरीत विपन्नता व मनोविकार परस्परांना बळ देतात, हे मत आता सामान्यतः मान्य झाले आहे.

उपाययोजना : या दुष्टचक्राचा भेद दोन्ही बाजूंनी करावा लागतो. वेतनाच्या बाबतीत भारतात १९४८ चा किमान वेतन अधिनियम व १९७६ चा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम हे महत्त्वाचे टप्पे होत. वेतनविषयक जुने कायदे एकत्र करणारी वेतन संहिता २०१९ मध्ये संमत होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. दैनिक वेतन पाळी संपताच, साप्ताहिक वेतन आठवड्याच्या अखेरच्या कामाच्या दिवशी आणि मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, अशी तीत तरतूद आहे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या व पुढे १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेने ग्रामीण मजुराला काम मागण्याचा हक्क दिला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने तो देशभर नेला व पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले. प्रत्यक्षात ही मजुरी अनेकदा विलंबाने मिळत असल्याच्या तक्रारी झाल्या. अशा विलंबाने योजनेचा आर्थिक लाभ केवळ लांबतो असे नाही. काम करूनही देणी राहिल्याने जी मनःशांती मजुरास मिळावयाची, तीच हिरावली जाते.

मानसिक उपचारांच्या बाबतीत गोव्यातील प्रयोग मार्गदर्शक ठरले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमून चिंता व अवसाद यांवर उपचार करण्याच्या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा चांगला लाभ झाला. तीव्र अवसादावरील मोजक्या बैठकींच्या संवादोपचाराचे यशस्वी निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पदवीधर मनोविकारतज्ञांची संख्या अपुरी असताना अल्पवेतनी वस्त्यांपर्यंत उपचार पोहोचविण्याचा हा व्यवहार्य मार्ग आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत देशातील सुमारे १०·६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे व त्यांपैकी बहुसंख्य उपचारांविना राहत असल्याचे आढळले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

विवंचनेला केवळ रोग मानून कामगाराला गोळ्या व उपदेश देण्याने मूळ प्रश्न झाकला जाईल, असा आक्षेप काही समाजशास्त्रज्ञ घेतात. उलटपक्षी पगार वाढला की मन आपोआप निरोगी होईल, ही अपेक्षाही अनुभवास पूर्णपणे उतरत नाही. दीर्घकाळ साचलेल्या अवसादास स्वतंत्र उपचार लागतात. उपलब्ध पुराव्यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की पुरेसे वेतन, ते मिळण्याची ठरलेली तारीख, पिळवणूकविरहित कर्जाची सोय आणि आजारपणातील आधार या गोष्टी कामगारकल्याणाच्या जशा आहेत, तशाच मानसिक आरोग्याच्याही आहेत. गिरणी कामगारांनी १८८४ मध्ये वेळेवर वेतनाची जी मागणी केली, तिच्यामागील व्यावहारिक शहाणपणास अलीकडील प्रयोगांनी दुजोरा दिला आहे.

पहा : आत्महत्या, औद्योगिक मानसशास्त्र, किमान वेतन, दारिद्र्य, बेकारी, मानसिक आरोग्य, रोजगार हमी योजना, वेठबिगार.